प्रोटीन काढलं आणि उंदीर दगावले: याचा अर्थ काय लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा. पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या लॅबने सी५७ ब्लॅक ६ जातीत पेशीतल्या एका प्रोटीनचं जीन काढून नॉकआउट उंदीर तयार केले. त्यांना फ्लूचा पीआर८ विषाणू नाकातून दिल्यावर त्यांचं वजन साध्या उंदरांपेक्षा भराभर उतरलं आणि बरेच दगावले. रक्तात इंटरफेरॉन (विषाणू शिरल्यावर पेशी सोडतात ते बचावाचा हुकूम देणारं प्रोटीन) मात्र कमी नव्हे, जास्तच सापडलं. ‘हे प्रोटीन विषाणूविरोधी प्रतिकारशक्ती वाढवतं’ असं लिहून टाकावं, हे गाइडचं मत. तिला ते पटत नाही, कारण इंटरफेरॉन जास्त असताना प्रतिकार कमी कसा म्हणायचा? आणि उंदरात दिसलं ते माणसाला कितपत लागू होतं, हा तिचा दुसरा प्रश्न.

तुमची शंका रास्त आहे, ती गाइडसमोर मोकळेपणाने मांडा. हाती आलेल्या निकालातून आज एवढंच म्हणता येतं की हे प्रोटीन नसेल तर त्या डोसला, त्या जातीचा उंदीर जास्त आजारी पडतो. त्याची कारणं निदान तीन असू शकतात. फुप्फुसात विषाणू जास्त वाढत असेल. किंवा विषाणू तेवढाच असेल, पण त्याच्यावर धावून जाणाऱ्या पेशींना आवर न राहिल्यामुळे फुप्फुसाचंच नुकसान होत असेल. किंवा या दोन्हींत फरक नसेल आणि झालेली इजा भरून काढण्यातच शरीर कमी पडत असेल. वजनाचा आलेख तिन्ही वेळा सारखाच दिसतो.

इंटरफेरॉन जास्त असण्यात विरोधाभास नाही. पेशीला विषाणूचा आरएनए सापडला की इंटरफेरॉन तयार होतं, त्यामुळे विषाणू जास्त तर इंटरफेरॉनही जास्त. तुमचं प्रोटीन साखळीच्या सुरुवातीला, म्हणजे विषाणू ओळखण्याच्या पायरीवर काम करत असतं, तर ते काढल्यावर इंटरफेरॉन घटायला हवं होतं. ते साखळीच्या शेवटी, म्हणजे इंटरफेरॉनच्या हुकमावरून विषाणूला प्रत्यक्ष अडवण्याचं काम करत असेल, तर ते काढल्यावर विषाणू मोकाट वाढेल आणि त्यापाठोपाठ इंटरफेरॉनही वाढेल. तुमचा निकाल दुसऱ्या शक्यतेशी जुळतो, पण इंटरफेरॉनला लगाम घालणारं प्रोटीन काढलं तरी असंच दिसेल. म्हणून आधी फुप्फुसातला जिवंत विषाणू मोजा, बाकीचं नंतर.

हे मोजताना कुठे घोटाळा होतो ते सांगतो. विषाणू देताना उंदराला हलकी भूल हवी. जागा असलेला उंदीर थेंब शिंकून टाकतो, आणि थेंब फार लहान असेल तर विषाणू नाकातच राहतो, फुप्फुसात पोहोचत नाही. ३० ते ५० मायक्रोलिटर दोन्ही नाकपुड्यांवर थेंबाथेंबाने सोडावं, प्रत्येक थेंब आत ओढला जाईपर्यंत थांबावं, आणि कुणाच्या नाकातून बुडबुडा परत आला तर त्या उंदराची तशी नोंद वहीत तिथल्या तिथे करावी. पिंजऱ्यातला कोणता उंदीर नॉकआउट आहे हे डोस देणाऱ्याला ठाऊक नसलेलं बरं. पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या दिवशी फुप्फुसं काढा, बर्फावरच बारीक वाटा, छोट्या भागांत उणे ८० अंशांवर ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका. मग ट्रिप्सिन हे एन्झाइम घालून एमडीसीके या कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर प्लाक, म्हणजे जिवंत विषाणूने पेशी मारून पाडलेले ठिपके, मोजा. नुसत्या पीसीआरवर, म्हणजे आरएनए मोजणाऱ्या चाचणीवर, थांबू नका, कारण मेलेल्या विषाणूचा आरएनएही त्यात मोजला जातो.

फरक पहिल्या दोन दिवसांतच दिसला तर काम जन्मजात, म्हणजे लगेच जागं होणाऱ्या, प्रतिकाराच्या टप्प्यावर आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत आकडे सारखे आणि आठव्या दिवशी एका गटात विषाणू संपला, दुसऱ्यात रेंगाळला, तर टी पेशी आणि अँटिबॉडीकडे, म्हणजे नंतर तयार होणाऱ्या प्रतिकाराकडे, बघा. शेवटपर्यंत आकडे सारखेच राहिले आणि तरी नॉकआउट उंदीर दगावले, तर प्रश्न विषाणूचा नाही. तिथून पुढे फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवातलं प्रोटीन, न्यूट्रोफिल या दाहातल्या पांढऱ्या पेशी आणि ऊतींचे छेद तपासायचे.

आता एमएक्स१ या प्रोटीनबद्दल सविस्तर सांगतो. यजमानाच्या एका प्रोटीनमुळे उंदराचा फ्लूशी लढा कसा बदलतो याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. शिवाय ते तुमच्या प्रयोगाशी थेट जोडलेलं आहे, कसं ते पुढे येईल.

जाँ लिंडेनमान हे नाव इंटरफेरॉनमुळे सगळ्यांना माहीत असतं. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स यांच्याबरोबर त्यांनी ते शोधलं. त्यांचा १९६२ सालचा शोधनिबंध त्या मानाने कमी वाचला जातो. ए२जी नावाच्या जातीचे उंदीर फ्लूच्या अशा मात्रेलाही दाद देत नाहीत की ज्याने इतर जाती हमखास मरतात, असं त्यांनी त्यात मांडलं. संकर केल्यावर हा गुण एकाच प्रभावी जीनसारखा पुढच्या पिढीत उतरत होता. फ्लूचे विषाणू तेव्हा मिक्सोव्हायरस गटात मोडत, म्हणून जीनचं नाव एमएक्स पडलं.

पहिला अंदाज कुणीही केला असता तोच होता: या उंदरांची रोगप्रतिकारक यंत्रणा तल्लख असावी. पुढची वीस-पंचवीस वर्षं हा अंदाज एकेका प्रयोगाने बाद होत गेला. ऑटो हालर आणि लिंडेनमान यांनी १९७४ साली दाखवलं की थायमस ग्रंथी नसलेल्या, म्हणजे टी पेशींची तयारीच नसलेल्या उंदरात हे जीन असलं तरी तो उंदीर फ्लूला पुरून उरतो. अस्थिमज्जेची अदलाबदल केल्यावर मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी दात्याच्या गुणाच्या निघाल्या, पण त्यामुळे उंदराचं नशीब बदललं नाही. संरक्षण रक्तातून फिरणाऱ्या पेशींत नव्हतं, विषाणू ज्या ऊतींत शिरतो त्या ऊतींच्या पेशींतच होतं. मग १९७९ च्या सुमारास ए२जी उंदरांना इंटरफेरॉनविरोधी सीरम टोचण्यात आलं, आणि तेच उंदीर फ्लूने मरू लागले. म्हणजे जीन असूनही इंटरफेरॉनशिवाय ते मुकं. आणि इंटरफेरॉन असूनही या जीनशिवाय फ्लूपुरतं ते पांगळं. मला या विषयातले हे सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतात. जीन हाती नाही, क्लोनिंग नाही, नॉकआउट नाही, फक्त संकर, सीरम आणि मज्जेची अदलाबदल. तरी निष्कर्ष अचूक निघाला.

१९८३ मध्ये या उंदरांच्या पेशींत इंटरफेरॉन दिल्यावरच दिसणारं प्रोटीन सापडलं, तेच एमएक्स१. १९८६ मध्ये पीटर श्टेहेली आणि सहकाऱ्यांनी त्याचा सीडीएनए (जीनच्या संदेशाची डीएनए प्रत) क्लोन केला आणि फ्लूला बळी पडणाऱ्या पेशींत घातला. त्या पेशी इंटरफेरॉन न देताही फ्लूला रोखू लागल्या. दुसऱ्या कुटुंबातल्या विषाणूंवर मात्र काही परिणाम नाही. हे प्रोटीन ६३१ अमिनो आम्लांचं आहे, पेशीची पटलं कापणाऱ्या डायनॅमिनच्या गोतावळ्यातलं आहे आणि जीटीपी हा ऊर्जा देणारा रेणू तोडतं. सूक्ष्मदर्शकाखाली रंगवून पाहिलं तर पेशीच्या केंद्रकात ठळक ठिपके दिसतात. फ्लूचा विषाणूही आपल्या आरएनएच्या नकला केंद्रकातच काढतो, आणि हे प्रोटीन त्याला अगदी पहिल्या नकलेपाशीच गाठतं. विषाणूच्या आरएनएला गुंडाळलेलं न्यूक्लिओप्रोटीन आणि नकला काढणाऱ्या पॉलिमरेजचा पीबी२ हा भाग यांची जोडी ते बिघडवतं.

लक्षात घ्या, एमएक्स१ कुणाला इशारा देत नाही आणि कोणती पेशी बोलावत नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवतं’ हे वर्णन त्याला लावलं तर ते चुकीचं ठरेल. ते विषाणूला अडवतं, आणि त्यामुळे पुढचा सगळा दाह, सगळं इंटरफेरॉन, टी पेशींची सगळी धावपळ आपोआप कमी होते. तुमचं प्रोटीन या पठडीतलं असेल तर त्याचा परिणाम प्रतिकारशक्तीवर दिसेल, पण काम वेगळंच असेल.

एमएक्स१चा संबंध तुमच्याशी असा. १९८८ साली बळी पडणाऱ्या जातींचं हे जीन तपासलं गेलं. बाल्ब/सी उंदरात त्याचा मोठा तुकडाच गायब आहे, ९ ते ११ क्रमांकाचे एक्सॉन (प्रोटीनचा मजकूर असलेले जीनचे भाग) नाहीत. सीबीए/जे उंदरात अकाली थांबा देणारं उत्परिवर्तन आहे. तुमच्या सी५७ ब्लॅक ६ मध्येही बाल्ब/सीसारखाच दोष आहे. म्हणजे जगभरातल्या लॅबमध्ये फ्लूसाठी वापरले जाणारे बहुतेक उंदीर फ्लूविरुद्धचं मुख्य हत्यार नसलेले आहेत. रानातल्या, घरातल्या उंदरांत अशी सरसकट स्थिती नाही. १९८७ च्या पाहणीत रानटी उंदरांमध्ये चांगलं आणि बिघडलेलं, दोन्ही रूपं साधारण बरोबरीने सापडली होती. लॅबच्या बहुतेक जाती मूठभर पूर्वजांपासून आल्या आणि बिघडलेलं जीन वारशाने घेऊन बसल्या.

याने निष्कर्ष किती बदलतात ते बघा. १९१८ च्या साथीचा पुन्हा घडवलेला विषाणू आणि माणसाला मारणारा बर्ड फ्लूचा एच५एन१ हे दोन्ही लॅबच्या उंदरांना मारतात. २००७ मध्ये चालू एमएक्स१ असलेल्या उंदरांवर हेच विषाणू वापरले गेले आणि ते जीन त्यांना वाचवतं असं दिसलं. त्याच वर्षी उलट बाजूही समोर आली. पीआर८चाच एक अतिवेगाने वाढणारा प्रकार एमएक्स१ असलेल्या उंदरांनाही मारतो. तो एमएक्स१ला चुकवत नाही, इंटरफेरॉन जागं होण्याच्या आत पुढे निघून जातो. आधीच इंटरफेरॉन दिलं तर उंदीर वाचतात. आणि २०१६ मध्ये अकिको इवासाकी यांच्या गटाने चालू एमएक्स१ असलेल्या उंदरांतून टीएलआर७ आणि मॅव्हज ही दोन्ही ओळख पटवणारी प्रोटीनं काढली, तेव्हा मृत्यूचं कारण न्यूट्रोफिल, कॅस्पेज (दाह पेटवणारी एन्झाइमं) आणि फुप्फुसातल्या जिवाणूंच्या वाढीकडे गेलं. सी५७ ब्लॅक ६ मध्ये हा पदर सुटा करून बघताच आला नसता.

माझं ठाम मत असं की एमएक्स१ नसलेल्या उंदरात इंटरफेरॉनबद्दल काढलेला कोणताही निष्कर्ष अर्धवट समजावा. तिथे इंटरफेरॉनचा फायदा तोकडा दिसतो आणि दाहामुळे होणारं नुकसान ठळक दिसतं. ‘फ्लूमध्ये इंटरफेरॉन घातक’ असा सूर काही कामांतून निघतो, तेव्हा मी सर्वांत आधी उंदराची जात बघतो.

पुढचे प्रयोग. नॉकआउट आणि साध्या भ्रूणांच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतींच्या) पेशी घ्या, जमल्यास श्वासनलिकेच्या पेशीही. एका गटाला रात्रभर इंटरफेरॉन द्या, दुसऱ्याला नाही, मग दोन्हींना विषाणू द्या. इंटरफेरॉन देऊनही नॉकआउट पेशी विषाणूला रोखू शकल्या नाहीत, तर प्रोटीन साखळीच्या शेवटाकडे आहे. वेगळ्या पेशींना पॉली आय:सी, म्हणजे विषाणूच्या आरएनएची कृत्रिम नक्कल, द्या. त्यात वाढणारा विषाणू नसतो, म्हणून इंटरफेरॉन कमी-जास्त निघालं तर तो फरक प्रोटीनचाच, विषाणूच्या वाढीचा नव्हे. तुमच्या गाइडच्या वाक्याला खरी कसोटी हीच आहे. शेवटी मज्जेची अदलाबदल करून बघा, काम रक्तपेशींत आहे की फुप्फुसाच्या ऊतीत ते कळेल. वर सांगितलेल्या जुन्या प्रयोगाने हेच केलं होतं.

विषाणूही एकच ठेवू नका. एमएक्स१ फ्लूला आणि त्याच्या गोतावळ्यातल्या विषाणूंना रोखतं. आयएफआयटीएम३ हे दुसरं प्रसिद्ध प्रोटीन विषाणूचं आवरण पेशीच्या पटलाशी एकजीव होतं तिथेच अडथळा आणतं, त्यामुळे त्याचा पल्ला वेगळा. २०१२ मध्ये ते प्रोटीन नसलेले उंदीर सौम्य फ्लूनेही गंभीर आजारी पडतात असं दिसलं होतं. एखादा आरएनए विषाणू फ्लूपेक्षा अगदी निराळा, व्हीएसव्ही (गुराढोरांच्या तोंडाला फोड आणणारा विषाणू) सारखा, घेतला तर तुमच्या प्रोटीनचं काम विशिष्ट आहे की सर्वसाधारण हे लवकर समजेल.

नॉकआउट उंदीर कसे झाले हेही विचारून घ्या. १२९ जातीच्या स्टेम पेशींत जीन काढून नंतर ब्लॅक ६ शी संकर केलेले असतील, तर काढलेल्या जीनशेजारचा गुणसूत्राचा तुकडा अजून १२९चाच असतो. कॅस्पेज-१ नॉकआउट उंदरांवर कितीतरी वर्षं काम झालं, आणि २०११ मध्ये कळलं की त्यांत कॅस्पेज-११ही नाही, कारण १२९ जातीत ते मुळातच बिघडलेलं होतं आणि दोन्ही जीन इतकी शेजारी आहेत की संकराने ती वेगळी होत नाहीत. इंटरफेरॉनची जीन चालू करणाऱ्या आयआरएफ५ या प्रोटीनच्या नॉकआउटची गोष्ट तुमच्या विषयाच्या आणखी जवळची. त्या उंदरांत इंटरफेरॉन कमी बनतं हे आयआरएफ५च्या नावावर जमा होतं. २०१२ मध्ये त्यांच्यातल्या काहींत डॉक२ या भलत्याच जीनमध्ये आपोआप झालेला बिघाड सापडला, आणि त्या कमतरतेचा मोठा वाटा त्याचा निघाला. तुमचे उंदीर क्रिस्पर या जीन कापण्याच्या तंत्राने थेट ब्लॅक ६ मध्ये केले असतील तर शेजारच्या तुकड्याची भीती नाही, पण तुलना करायला विकत आणलेले साधे उंदीर चालणार नाहीत. एकाच आईबापांची, एकाच पिंजऱ्यात वाढलेली भावंडं हवीत. पिंजरा वेगळा म्हणजे आतड्यातले जिवाणू वेगळे, आणि तेवढ्यानेही फ्लूचा निकाल हलतो. तुमच्या प्रश्नात भावंडांचा उल्लेख नाही म्हणून हे आवर्जून लिहितो.

आता माणसाचा प्रश्न. उंदराच्या एमएक्स१चं माणसातलं रूप एमएक्सए. ते केंद्रकात नाही, पेशीद्रवात राहतं, आणि त्याचा पल्लाही वेगळा आहे. आपल्याकडे गुजरातेत उंटांवरच्या गोचिडांत सापडलेला धोरी विषाणू फ्लूच्याच कुटुंबातला. १९९५ मध्ये असं दिसलं की उंदराचं एमएक्स१ त्याला रोखतं, माणसाचं एमएक्सए रोखत नाही. एकाच पूर्वजाची दोन प्रोटीनं, तरी एकाच्या जोरावर दुसऱ्याबद्दल बोलता येत नाही. म्हणून श्टेहेलींच्या गटाने माणसाचं एमएक्सए जीन घातलेले उंदीर तयार केले. पक्ष्यांतून येणारे फ्लूचे विषाणू त्या उंदरांत अडतात, आणि न्यूक्लिओप्रोटीनमध्ये माणसाला सरावलेले बदल असलेले विषाणू निसटतात, हे २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं. १९१८ च्या आणि २००९ साली पुण्यासकट जगभर पसरलेल्या एच१एन१ विषाणूच्या न्यूक्लिओप्रोटीनमध्ये एमएक्सएला चुकवणारे बदल होते, हे त्याआधीच दिसलं होतं. आणि २०२१ मध्ये चीनमधल्या एच७एन९ या बर्ड फ्लूच्या रुग्णांत या जीनची दुर्मीळ बिघडलेली रूपं सापडली, त्यातली बहुतेक विषाणूला रोखण्यात निकामी होती. उंदरापासून माणसापर्यंतचा दुवा इथे जुळला, पण साठ वर्षांनी, आणि प्रत्येक पायरी तपासून.

जुळत नाही अशीही उदाहरणं आहेत. आयएसजी१५ हे प्रोटीन नसलेले उंदीर फ्लूने लवकर दगावतात. ते प्रोटीन जन्मतः नसलेली माणसं सापडली तेव्हा विषाणूंपुढे ती हतबल असतील अशी अपेक्षा होती. तसं निघालं नाही. त्यांना त्रास होता तो क्षयाच्या जिवाणूच्या जवळच्या, सौम्य समजल्या जाणाऱ्या मायकोबॅक्टेरियांचा, आणि इंटरफेरॉनचा परिणाम त्यांच्यात उलट वाढलेला होता. माणसात आयएसजी१५ हे यूएसपी१८ नावाच्या, इंटरफेरॉनला लगाम घालणाऱ्या प्रोटीनला टिकवून धरतं, उंदरात ते काम ते करत नाही. एकच प्रोटीन काढलं आणि दोन प्राण्यांत निकाल विरुद्ध दिशांना गेले. म्हणून तुमच्या निबंधाच्या शेवटी माणसाच्या औषधाबद्दल वाक्य टाकण्याआधी माणसाच्या पेशींत ते प्रोटीन काढून निदान एकदा बघा.

सगळं एकदम होणार नाही, नैतिकता समितीची मंजुरी आणि उंदरांची संख्या यांना मर्यादा असतात. माझ्या मते क्रम असा ठेवा: भावंडांवर फुप्फुसातला विषाणू मोजणं, मग पेशींवरचे दोन प्रयोग. यांना मिळून थोडेच उंदीर लागतात. त्यानंतर तुमचे नॉकआउट उंदीर ब्लॅक ६ च्या पार्श्वभूमीवर ए२जीचं चालू एमएक्स१ आणलेल्या उंदरांशी संकरित करा. अशा जाती उपलब्ध आहेत आणि पीसीआरने पिल्लं ओळखता येतात. त्या उंदरांत साधा डोस कदाचित काहीच करणार नाही, म्हणून डोस वाढवून मारक मात्रा नव्याने ठरवावी लागेल, आणि माणुसकीने प्रयोग थांबवायची वजनाची मर्यादा आधीच लिहून ठेवावी लागेल. एमएक्स१ असतानाही तुमचं प्रोटीन नसल्याचा फरक दिसला, तर त्याचं काम स्वतंत्र आहे. फरक पुसला गेला, तर ते प्रोटीन मुख्य हत्यार नसलेल्या उंदरातच महत्त्वाचं ठरत होतं.

तोवर गाइडला हे वाक्य सुचवा: ‘चालू एमएक्स१ नसलेल्या सी५७ ब्लॅक ६ उंदरांत हे प्रोटीन नसताना पीआर८चा आजार तीव्र होतो आणि रक्तातलं इंटरफेरॉन वाढलेलं आढळतं.’ फुप्फुसातल्या विषाणूचे आकडे आले की त्याच्या पुढे दुसरं वाक्य जोडा.